मशीन गावाचं, बिल मंजुळाकाकूंचं

लाइट ऑफिसातल्या माणसानं मंजुळाकाकूंना पहिलाच प्रश्न विचारला, “घरात एसी बसवलाय का?”

काकूंना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “साहेब, पत्र्याचं घर आहे. एसी कुठला?”

“मग युनिट बघा ना. कुठं अठ्ठावीस आणि कुठं एकशे ब्याण्णव! गिझर असेल. नाहीतर कुणाला तरी वायर टाकून दिली असेल.”

काकू शांतपणे म्हणाल्या, “मालकांना श्वास लागतो.”

तो माणूस कॉम्प्युटरकडं बघतच होता. “म्हणजे?”

“म्हणजे ऑक्सिजनचं मशीन हाय घरात. सोळा तास चालतं.”

“तसं काही इथं दाखवत नाही,” तो म्हणाला.

माझं नाव अपेक्षा. चाकणजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीसमोर माझं अर्ज भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव, पॅन, आधारची दुरुस्ती, सगळं मी करते. दहा वर्षं लोकांचे अर्ज भरून आणि ते नामंजूर झालेले बघून मला राग यायचा बंद झाला होता. तो परत आला मंजुळाकाकूंमुळं. गावाचं आणि ऑफिसाचं नाव मी लिहीत नाही. लिहून त्या टेबलावरचा एक माणूस बदलेल, टेबल तसंच राहील.

काकूंचे मालक म्हणजे धर्माजीकाका. जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा काका शाळेत होते. मोबदला आजोबांच्या नावावर आला आणि अकरा वाटण्यांमध्ये संपला. काकांच्या वाट्याला गावठाणातल्या दोन खोल्या आल्या, आणि ज्या जमिनीत बाप नांगर धरायचा त्याच पट्ट्यातल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडं काम. गाडीचा ओतलेला लोखंडी भाग थंड झाला की साचा फोडायचा आणि वाळू झाडून काढायची, हे ते काम. समोरचा माणूस दिसणार नाही इतकी धूळ. तोंडाला घरून आणलेला रुमाल. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. त्या बावीस वर्षांत चार ठेकेदार झाले. प्रत्येकानं अकरा महिन्यांनी नवं कार्ड दिलं, त्यामुळं कागदावर धर्माजीकाका कुठंच वर्षभर कामाला नव्हते. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना जिना चढवेना, मग चालवेना, मग आडवं पडून झोपवेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून सांगितलं, फुफ्फुसात वाळूची धूळ बसली आहे, ती आता निघणार नाही. मी कंपनीला भरपाईचा अर्ज लिहून दिला. उत्तर दोन ओळींचं आलं. या नावाचा कामगार आमच्या पटावर नाही.

काकू एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरतात. सकाळी सातला बस, दुपारी चारला परत. काका घरी एकटे.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, रोज सोळा तास ऑक्सिजन. तेव्हा मला आठवलं, कोरोनाच्या लाटेत कुठल्याशा कंपनीनं आमच्या ग्रामपंचायतीला ऑक्सिजनची दोन मशीनं दिली होती. लाट गेल्यावर ती पंचायतीच्या मागच्या खोलीत, नळाच्या पायपांच्या ढिगाआड पडून होती. आम्ही ती शोधून काढली. एक चालू निघालं, दुसऱ्याला किरकोळ दुरुस्ती होती. ग्रामसेवकांनी रजिस्टरात नोंद केली, काकूंचा अंगठा घेतला आणि मोठ्या मनानं म्हणाले, “न्या. बिनपैशाचं आहे.”

हे जानेवारीतलं. नळी नाकाला लागल्यावर पहिल्याच दिवशी काका तीन तास सलग झोपले. काकू मला सांगायला दुकानात आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

फेब्रुवारीत बिल आलं.

त्यांच्या घरात दोन बल्ब, एक पंखा आणि एक मोबाइल. महिन्याला तीस युनिटच्या आत वापर, म्हणून दारिद्र्यरेषेखालच्या घरांचा सवलतीचा दर. बिल दीडशेच्या वर कधी गेलं नाही. मशीन आलं आणि बिल दोन हजार तीनशेवर पोचलं. शंभर युनिटच्या वर गेलं की दर दुपटीनं वाढतो. शिवाय सवलतीच्या घरानं वर्षभरात ठरलेल्या युनिटच्या पुढं जायचं नाही असा नियम. काकू ते युनिट दोन महिन्यांतच ओलांडून गेल्या. कॉम्प्युटरनं त्यांचं नाव सवलतीच्या यादीतून काढून टाकलं. कुणी घरी येऊन बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, बाई एकटी कमावती झाली, आणि नेमकं त्याच महिन्यात सरकारदरबारी हे घर गरीब राहिलं नाही.

हे सगळं आम्ही त्या टेबलावरच्या माणसाला सांगितलं. तो वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मावशी, सोलर का नाही बसवत? सरकार पैसे देतं आता.”

“पत्रा हाय साहेब. माणूस चढला तर खाली येतोय.”

“मग बघा, कुठल्या ट्रस्टला वगैरे विचारा. आमच्याकडं आजारपणाचा कॉलमच नाही.”

मी ट्रस्टनासुद्धा विचारलं. एक म्हणे आम्ही शस्त्रक्रियेला मदत करतो. दुसरे म्हणे मशीन हवं असेल तर देतो. तिसऱ्यांनी रेशनकार्ड, तीन वर्षांचं उत्पन्न, डॉक्टरांचं पत्र असं सगळं मागवून घेतलं आणि कळवलं की वीजबिल हा वैद्यकीय खर्च होत नाही.

काकूंनी पहिली तीन बिलं भरली. त्यासाठी कॅन्टीनमध्ये दुसऱ्या शिफ्टची भांडी घासायचं काम धरलं. घरी यायला सात वाजायचे. मेमधल्या एका दुपारी कंपनीत काहीतरी बिघाड झाला आणि सगळ्या बायकांना लवकर सोडलं. काकू दोनला घरी पोचल्या. काका भिंतीला टेकून बसलेले, ओठ जांभळे, मान खाली. नळी नाकाला होती, पण मशीनचा आवाज नव्हता. काकूंना वाटलं लाइट गेली. बटण बघितलं तर बंद. मशीनवर हात ठेवला तर ते गार पडलेलं. सोळा तास चालणारं मशीन गरम असतं. म्हणजे ते सकाळपासून बंद होतं.

“किती दिस झालं हे?” काकूंनी विचारलं.

काकांना एका दमात बोलता येत नाही. ते म्हणाले, “तू गेलीस... की बंद करतो... तू यायच्या आधी... लावतो.”

“का वं?”

“युनिट.”

काकू मला हे सांगत होत्या तेव्हा रडत नव्हत्या. दुकानातल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि पदराचं टोक मुठीत आवळून म्हणाल्या, “अपेक्षा, हा माणूस माझ्यासाठी श्वास वाचवतोय. दुसऱ्याची बायको म्हणंल दागिना वाचिवला, पैका वाचिवला. माझा नवरा श्वास वाचवतोय गं. अन् लाइट ऑफिसातलं मशीन म्हणतंय आजारपणाचा कॉलमच न्हाई.”

त्या दिवशी काकूंनी दुसरी शिफ्ट सोडली आणि पुढची बिलं भरायची थांबल्या. हलगर्जी म्हणून नव्हे, ठरवून. त्या म्हणाल्या, “बिल भरायचं तर मला ह्यांना दिसभर एकटं टाकावं लागतंय. एकटं टाकलं की हे मशीन बंद करत्यात. मग बिल भरू कशाचं?” मी तीन अर्ज केले. सवलत परत द्या म्हणून एक, हप्ते पाडून द्या म्हणून एक, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून एक. तिन्हींची पोच आली. उत्तर आलं नाही.

सप्टेंबरात, एका मंगळवारी काकू सुट्टी घेऊन घरी होत्या तेव्हा, सकाळी दहाच्या सुमाराला, गावातला वायरमन काकूंच्या दारात उभा राहिला. पोरगा ओळखीचा. मान खाली घालून म्हणाला, “काकू, यादी आलीय वरून. थकबाकीतली.”

“ये, आत ये,” काकू म्हणाल्या. “काय तोडतोयस ते बघून घे.”

तो आत गेला. काकांना बघितलं, मशीन बघितलं, बाहेर येऊन ऑफिसला फोन लावला. पलीकडून काय सांगितलं ते फोनबाहेर ऐकू येत होतं : यादीतलं एकसुद्धा घर सोडायचं नाही, कारणं प्रत्येकाकडं असतात. त्यानं डोळे पुसले असं काकू सांगतात. पण वायर काढली. मशीन टी-टी-टी करून ओरडायला लागलं आणि मग गप्प झालं.

घरात एक लहान सिलिंडर होता, लाइट गेली तर म्हणून ठेवलेला. तो दोन तास पुरतो. काकूंनी तो काकांना लावला आणि मला फोन केला. मी गावातल्या दत्तोबांची रिक्षा घेऊन गेले. मी म्हणाले, “काकू, आधी दवाखान्यात नेऊ.”

“नेऊ की. दोन दिस ठेवून घरी पाठवत्याल. घरी लाइट हाय का? न्हाई. मग दवाखान्यात नेऊन काय करू? चल, जिथं लाइट हाय तिथं चल.”

“कुठं?”

“लाइट ऑफिसात.”

मला वाटलं बोलायला चालल्या आहेत. पण त्यांनी दत्तोबांना मशीन उचलायला सांगितलं.

ऑफिसात त्या दिवशी गर्दी होती. दत्तोबांनी आणि मी काकांना दोन बाजूंनी धरून बाकावर बसवलं. काकूंनी भिंतीकडं बघितलं, पाण्याच्या कूलरशेजारी प्लग मोकळा होता, तिथं वायर खोचली आणि बटण दाबलं. मशीन घुं घुं करायला लागलं. काकूंनी सिलिंडरची नळी काढून मशीनची लावली, काकांच्या बोटाला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा चिमटा लावला आणि स्वतः मशीनला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तोच टेबलावरचा माणूस उठून आला. “मावशी, हे काय? इथं असं लावता येत नाही.”

“का? लाइट न्हाई का हितं?”

“अहो, हा अनधिकृत वीजवापर होतो!”

“मग करा केस. माझ्या घरी होता तो अधिकृत व्हता. तो तुमी सकाळी तोडला.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एक जण म्हणाला, “बसू द्या की राव, म्हातारा माणूस आहे.” दुसऱ्यानं मोबाइल काढला. काकूंनी त्याला दटावलं, “ए, शूटिंग करू नगंस. आजारी माणूस हाय, तमाशा न्हाई.” त्यानं मोबाइल खिशात घातला.

आतल्या केबिनमधून इंजिनिअर मॅडम बाहेर आल्या. मंजुषा मॅडम, जून महिन्यातच बदलून आलेल्या. त्या चिडल्याच होत्या. “हा काय प्रकार आहे? कोणाच्या परवानगीनं लावलं? बंद करा आधी ते.”

काकू उठल्या नाहीत. त्यांनी मशीनच्या बटणाकडं बोट केलं. “मॅडम, बटण हितं हाय. तुमच्या हातानं बंद करा. मी आडवी येणार न्हाई. फकस्त बंद केल्यावर दहा मिनटं हितंच हुबं राहून त्या आकड्याकडं बघा.”

चिमट्यावर आकडा होता नव्वद. मॅडमनी आकडा बघितला, मग काकांकडं बघितलं. काकांनी हात जोडले. ते मला सहन झालं नाही. बावीस वर्षं या पट्ट्यातल्या गाड्यांचं लोखंड झाडणारा माणूस श्वास घेण्याबद्दल हात जोडून माफी मागत होता. मी ओरडलेच, “मॅडम, तीन अर्ज दिलेत आम्ही! पोच आहे माझ्याकडं! एकाला तरी उत्तर द्यायचं होतं!”

मॅडमनी कागद मागितले. उभ्या उभ्या तिन्ही वाचले, तारखा बघितल्या, आणि त्या टेबलावरच्या माणसाकडं अशा नजरेनं बघितलं की तो फायली शोधायला आत गेला. आमचे अर्ज एका गठ्ठ्यात मिळाले, दोऱ्यानं बांधलेले. वायर तोडायची यादी वेळेवर निघाली होती. अर्ज गठ्ठ्यात होते.

मॅडमनी मशीनचा फोटो काढला, माहिती लिहून घेतली. खाली वाकून त्यांनी मशीनवरची चिकटपट्टी वाचली आणि विचारलं, “ह्यावर ग्रामपंचायतीची मालमत्ता असं आहे. मशीन तुमचं नाही?”

“न्हाई. गावाचं हाय. वापरायला दिलंय.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. पण काकू त्या चिकटपट्टीकडं बघत राहिल्या होत्या. त्यांच्या डोक्यात तिथंच काहीतरी सुरू झालं.

वायर त्याच दुपारी जोडली गेली. थकबाकीचे बारा हप्ते झाले, व्याज आणि दंड मॅडमनी वर लिहून माफ करून घेतला, आणि ह्या घरी जीव वाचवणारं उपकरण आहे, न विचारता वीज तोडू नये, अशी नोंद झाली. दराचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. “काकू, सवलतीत परत घ्यायचा अधिकार मला नाही. नियमात तशी जागाच नाही. मी वर लिहिते, पण खोटी आशा दाखवत नाही.”

“खरं बोललात, तेवढं बरं झालं,” काकू म्हणाल्या.

परत येताना रिक्षात काकूंनी मला विचारलं, “दोन ऑक्टोबरला ग्रामसभा असती न्हवं? तिथं बाईनं बोललं तर चालतं का?”

“चालतं म्हणजे? तुमचा हक्क आहे काकू.”

काकू जन्मात ग्रामसभेला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसल्या. सरपंच अर्जुनराव, प्लॉटिंगचा धंदा असलेले, खुर्चीत. रस्त्याचे, गटाराचे विषय झाले. काकू उठल्या.

“माझं एक इचारणं हाय. माझ्या घरी ऑक्सिजनचं मशीन हाय, त्ये कुणाचं?”

“गावाचं,” अर्जुनराव हसून म्हणाले. “गावानं दिलं तुम्हाला, काकू. आनंदच आहे.”

“रजिस्टरला कुणाच्या नावानं?”

ग्रामसेवक म्हणाले, “पंचायतीच्या.”

“मग त्याची लाइट माझ्या नावानं का?”

सभेत कुजबुज सुरू झाली. अर्जुनरावांचं हसू जरा कमी झालं. “काकू, मशीन दिलं ते कमी आहे का? बिलं पण पंचायतीनं भरायची म्हटल्यावर उद्या सगळं गाव मागेल.”

“मागू द्या. ज्याच्या घरी गावाचं मशीन चालतंय त्यानं मागावं. दोनच मशीनं हायती. अन् मला सांगा, गावाच्या पाण्याची मोटर कुठं हाय? तुमच्या चुलत्याच्या वावरात. तिचं बिल तुमचा चुलता भरतो का?”

मागच्या बायका हसल्या. ग्रामसेवक म्हणाले, “ते वेगळं, पाणीपुरवठा असतो. ह्याला ऑडिटमध्ये आक्षेप निघेल.”

“ऑडिटवाल्याला माझ्या घरी आणा. माझ्या मालकाच्या शेजारी बसवा. मग आक्षेप घेऊ द्या,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. “अन् सरपंच, तुमच्या फार्महाऊसच्या वाटंला नऊ खांब हायती. म्या मोजल्यात. सकाळी सातला बसला जाते तवा बी दिवे चालू असत्यात, दुपारी येते तवा बी चालू असत्यात. त्येचं बिल पंचायत भरती. त्येला आक्षेप न्हाई निघत? दिवसा उजेडात रस्त्याला उजेड पायजे, अन् माझ्या माणसाला हवा नगं?”

अर्जुनराव पाणी प्यायले. मग मागून एक म्हातारी उठली, अंबूबाई, जिला गावात सगळे वचकून असतात, आणि म्हणाली, “घ्या की ठराव. कशाला वाट बघताय?” एकेक हात वर गेला. अर्जुनरावांनी सगळ्यांकडं बघितलं आणि शेवटी आपलाही हात वर केला.

ठराव झाला. मशीनला घरातल्या घरात, मोजण्यापुरता वेगळा छोटा मीटर लावायचा आणि त्याच्या युनिटचे पैसे पंचायतीनं दर महिन्याला काकूंना द्यायचे. दुसरं मशीन दुरुस्त करायचं, आणि ते ज्या घरी जाईल त्यांनाही हेच.

ठराव झाला म्हणजे पैसे आले असं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी दर आठवड्याला ग्रामसेवकांच्या टेबलाशी उभी राहिले. डिसेंबरात पहिला चेक निघाला. त्या दिवशी पंचायतीत मागं बॅनर, पुढं फुलांचा हार, फोटोवाला बोलावलेला. अर्जुनरावांनी चेक द्यायचा आणि काकूंनी तो वाकून घ्यायचा, असा बेत होता.

काकू कॅन्टीनच्या साडीत आल्या. बॅनर बघितला. म्हणाल्या, “पाण्याच्या मोटरचं बिल भरता तवा फोटो काढता का? न्हाई न्हवं? मग ह्याचा कशाला? खात्यावर टाका. मला घर गाठायचंय.” आणि निघून गेल्या. फोटोवाल्यानं मग हाराचा फोटो काढला.

आज काकूंच्या वाट्याला त्यांचं स्वतःचं थोडं बिल आणि थकबाकीचा हप्ता येतो. सवलत गेली ती गेलीच, कारण ऑफिसच्या मीटरला गावाचं मशीन आणि काकूंचा बल्ब यातला फरक कळत नाही. मंजुषा मॅडमनी वर लिहिलेल्या पत्राला उत्तर आलेलं नाही. मी आणि काकूंनी मिळून तिथं आणखी दोन पत्रं पाठवली आहेत. काकू म्हणतात, उत्तर येईपर्यंत दर महिन्याला एक पाठवायचं, पोस्टाच्या पैशाचं मी बघते.

धर्माजीकाका आहेत. तब्येत सुधारणारी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आता उंबऱ्यापर्यंत चालत येतात, लांब नळी मागं ओढत, आणि दारात खुर्ची टाकून बसतात. काकूंचा त्यांच्यावर अजून पुरता विश्वास नाही. रोज अकराच्या चहाच्या सुट्टीत त्या कॅन्टीनमधून फोन लावतात. काका “हां” एवढंच म्हणतात आणि फोन मशीनपाशी धरतात. काकू मिनिटभर तो आवाज ऐकतात, आणि मग भाजी चिरायला जातात.